अटॅचमेंट आलंय पण उघडत नाही: नक्की अडतं कुठे?

मेल आला, पेपरक्लिपचं चिन्ह दिसतंय, क्लिक केलं तर कॉम्प्युटर विचारतो की ही फाइल कशाने उघडू? किंवा फाइलचं नावच असलं काहीतरी विचित्र असतं की पाठवणाऱ्याने हे पाठवलंच नव्हतं अशी आपली खात्री होते. मग आपण उत्तर देतो, "उघडत नाहीये, परत पाठवा ना." समोरचा परत पाठवतो, तीच फाइल, त्याच प्रोग्रॅममधून, त्याच सेटिंगने, आणि ती अर्थातच परत उघडत नाही. मग तो म्हणतो माझ्याकडे तर व्यवस्थित उघडतेय, तुमच्या कॉम्प्युटरलाच काहीतरी झालंय.

गंमत म्हणजे दोघांचंही खरं असतं. त्याच्याकडे उघडते, तुमच्याकडे नाही, आणि बहुतेक वेळा दोन्ही कॉम्प्युटर ठणठणीत असतात. बिघाड मधल्या प्रवासात असतो, नाहीतर फाइलच्या प्रकारात, नाहीतर कोणीतरी ती मुद्दाम अडवलेली असते. आणि यातलं नेमकं काय झालंय हे बऱ्याचदा फाइलच्या नावावरून आणि साइझवरून कळतं. ते कसं, हेच इथे बघूया. टेक्निकल शब्द लागतील तेवढेच वापरतो.

मुळात ईमेलला फाइल नेताच येत नाही

हे ऐकायला विचित्र वाटतं पण खरंच तसं आहे. ईमेल एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर कसा जायचा याचा जो नियम आजही चालतो, एसएमटीपी नावाचा, तो १९८२ साली पक्का झाला आणि तेव्हा मेल म्हणजे फक्त मजकूर, तोही साधा इंग्रजी मजकूर. ए ते झेड, आकडे, विरामचिन्हं आणि काही अदृश्य खुणा, सगळं मिळून १२८ चिन्हं. एक ओळ जास्तीत जास्त १००० चिन्हांची. बस.

फोटो, गाणं, वर्डची फाइल हे असं नसतं. कुठलीही फाइल म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग, प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला, त्याला बाइट म्हणतात. ज्या रस्त्यावर १२८ प्रकारचीच चिन्हं चालतात तिथून २५६ प्रकारचे आकडे कसे न्यायचे? अरुंद जिन्यातून पलंग वर न्यायचा असेल तर आपण काय करतो, तो खोलतो, फळ्या आणि स्क्रू वेगळे करतो, वर नेतो आणि परत जोडतो. अटॅचमेंटचं अगदी तसंच आहे. पाठवणाऱ्याचा मेल प्रोग्रॅम फाइल खोलून तिची साधी अक्षरं करतो, ती अक्षरं मेलच्या मजकुरातूनच जातात आणि तुमच्याकडचा प्रोग्रॅम ती वाचून परत फाइल जोडतो. म्हणजे मेलला वेगळी फाइल "जोडलेली" असते वगैरे आपल्याला दिसतं तेवढंच, आतमध्ये सगळा एकच लांब मजकूर असतो.

आता पलंग खोलणारा एक आणि जोडणारा दुसरा असेल तर काय होतं ते सांगायला नको. आणि सुरुवातीला नेमकं हेच होत होतं. युनिक्स नावाच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांची खोलायची पद्धत वेगळी, यूयूएन्कोड नावाची, १९८० पासूनची. मॅकवाल्यांची वेगळी, बिनहेक्स, कारण जुन्या मॅकवर एकेका फाइलचे दोन भाग असायचे, एकात खरा मजकूर आणि दुसऱ्यात आयकॉन, मेनू असलं सामान, आणि दुसऱ्या सिस्टिमवर गेलं की हा दुसरा भाग गळून पडायचा. त्यामुळे मॅकवरून आलेली फाइल इतरांना निम्मीच मिळायची किंवा मेलमध्ये नुसता अक्षरांचा ढीग दिसायचा, जो सेव्ह करून वेगळ्या प्रोग्रॅमने सोडवत बसावं लागायचं.

मग एक पद्धत ठरवली का नाही कोणी?

ठरवली की. नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड या दोघांनी माइम नावाचं स्टँडर्ड लिहिलं, ते १९९२ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधी ११ मार्च १९९२ ला बोरेनस्टाइनने या पद्धतीचं पहिलं अटॅचमेंट पाठवलं, त्यात तो ज्या चौघांच्या ग्रुपमध्ये गायचा त्या ग्रुपचा फोटो आणि त्यांचं गाणं होतं. आज आपण पाठवतो ते प्रत्येक अटॅचमेंट याच पद्धतीचं असतं.

माइमने दोन कामं केली. एक म्हणजे खोललेल्या प्रत्येक तुकड्यावर चिठ्ठी लावायची: हा फोटो आहे की पीडीएफ की नुसता मजकूर, नाव काय, आणि कुठल्या पद्धतीने खोललाय. दुसरं म्हणजे खोलायची एक भरवशाची पद्धत दिली, बेस चौसष्ट. यात फाइलचे तीन बाइट घेऊन त्याची चार अक्षरं करतात आणि त्यासाठी फक्त ६४ चिन्हं वापरतात, इंग्रजीची मोठी २६, छोटी २६, दहा आकडे, अधिकचं चिन्ह आणि तिरकी रेघ. हीच का? कारण तेव्हाच्या वेगवेगळ्या कॉम्प्युटर सिस्टिममधून जाताना न बिघडता पोचणारी चिन्हं हीच होती.

यातून एक गोष्ट समजते जी अनेकांना छळते. तीनाची चार झाली म्हणजे फाइल वाटेत एक तृतीयांशाने फुगली, वर ओळी तोडण्यासाठी अजून थोडी भर. त्यामुळे मेल सर्व्हरची मर्यादा २५ एमबी असेल आणि तो फुगलेला आकार मोजत असेल तर तुमची २० एमबीची फाइल सत्तावीसच्या आसपास जाते आणि परत येते. मग लोक म्हणतात पंचवीस लिहिलंय आणि वीस पण जात नाही, खोटं बोलतात. खोटं नाही, ते खोललेलं सामान मोजतात.

आणि कधी चिठ्ठीच गहाळ झाली, म्हणजे मधल्या एखाद्या सर्व्हरने, व्हायरस तपासणाऱ्या यंत्रणेने किंवा मेलिंग लिस्टच्या सॉफ्टवेअरने मेलची मांडणी बिघडवली, तर अटॅचमेंट दिसतच नाही आणि मेलमध्ये अर्थहीन इंग्रजी अक्षरांच्या सारख्या लांबीच्या ओळीच ओळी दिसतात. हा व्हायरस नाही. ही तुमची फाइलच आहे, न जोडलेली. सुरुवात जे, व्ही, बी, ई, आर अशी असेल तर आत पीडीएफ आहे, आणि यू, ई, एस, डी, बी अशी असेल तर झिप किंवा नवीन वर्डची फाइल. अशा वेळी मात्र "परत पाठवा" म्हणणं बरोबर, पण जमलं तर दुसऱ्या मेल अकाउंटवरून किंवा दुसऱ्या पत्त्यावर, म्हणजे रस्ता बदलेल.

विनमेल डॉट डॅट: सगळ्यात जास्त छळणारी फाइल

एकच नियम झाला तर मग आजही का अडतं? कारण नियम पाळूनही आपलं वेगळं घोडं दामटता येतं, आणि त्याचा सगळ्यात मोठा नमुना म्हणजे विनमेल डॉट डॅट. पाठवणाऱ्याने बिचाऱ्याने दोन पीडीएफ आणि एक एक्सेल पाठवलेलं असतं आणि तुम्हाला मिळते ही एकच फाइल, जी डबल क्लिक केल्यावर कशानेच उघडत नाही.

होतं असं. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमध्ये मेल लिहायचे तीन प्रकार आहेत: साधा मजकूर, एचटीएमएल म्हणजे वेबपेजसारखा सजवलेला, आणि रिच टेक्स्ट. यातला रिच टेक्स्ट हा आउटलुकचा खाजगी प्रकार आहे. तो निवडलेला असेल तर आउटलुक मेलची सजावट, मीटिंगची माहिती, मतदानाची बटणं आणि सोबतच्या सगळ्या फाइली एकाच गाठोड्यात बांधतो. या गाठोड्याच्या प्रकाराला टीएनईएफ म्हणतात. हे गाठोडं समोरच्या आउटलुकला सोडता येतं त्यामुळे ऑफिसातल्या ऑफिसात काही कळतच नाही, सगळं छान चालतं. पण समोर आयफोन असेल, मॅकचा मेल असेल, लिनक्सवरचा एखादा प्रोग्रॅम असेल तर त्यांना गाठोडंच दिसतं. पलंग नीट वर आला, सगळे भाग आले, पण एका पेटीत, आणि पेटीचं कुलूप एकाच कंपनीच्या किल्लीने उघडतं.

हे लक्षात आलं की "माझ्याकडे तर उघडतं" या वाक्याचा उलगडा होतो. त्याच्याकडे उघडणारच.

बरेच जण अशा वेळी फाइलचं नाव बदलून शेवटी पीडीएफ लिहून बघतात. काही होत नाही, कारण आत पीडीएफ असली तरी ती गाठोड्याच्या पोटात आहे आणि नाव बदलल्याने गाठोडं सुटत नाही. मग उपाय काय? घाई असेल तर टीएनईएफ सोडवणारे छोटे प्रोग्रॅम मिळतात, लिनक्सवर तर टीएनईएफ याच नावाची कमांड आहे, मॅकसाठीही अॅप आहेत. वेबसाइटवर अपलोड करून सोडवून देणाऱ्या सेवाही आहेत, पण त्यात तुमची सॅलरी स्लिप किंवा करार असेल तर तो अनोळखी माणसाच्या सर्व्हरवर टाकताय हे डोक्यात असू द्या, मी तरी नाही टाकणार. त्याआधी साइझ बघा. गाठोडं मोजून दोन-चार केबीचं असेल तर आत बहुतेक नुसती सजावट आहे, फाइल नाहीच, सोडून द्या.

खरा उपाय पाठवणाऱ्याकडे आहे. त्याने विंडोजवरच्या क्लासिक म्हणजे जुन्या आउटलुकमध्ये फाइल, मग ऑप्शन्स, मग मेल असं जाऊन नवीन मेलचा प्रकार एचटीएमएल करायचा. तिथेच खाली इंटरनेटवरच्या लोकांना रिच टेक्स्ट मेल पाठवताना काय करायचं असाही एक पर्याय असतो, तिथेही एचटीएमएल निवडायचं.

"पण मी तर एचटीएमएलच वापरतो, आणि फक्त याच एका माणसाला जात नाही!" ही तक्रार पण येते आणि तीही खरी असते. आउटलुकच्या काही आवृत्त्यांमध्ये प्रत्येक कॉन्टॅक्टला वेगळं सेटिंग लावता येतं, की या माणसाला कायम रिच टेक्स्टच पाठव. ते कधीतरी लागलेलं असतं आणि कोणाला आठवतही नसतं. तो कॉन्टॅक्ट आणि पत्ता टाइप करताना आपोआप सुचवला जातो ती जुनी नोंद, दोन्ही काढून पत्ता नव्याने टाकला की बऱ्याचदा सुटतं. तरीही नाही सुटलं तर ऑफिसच्या मेल सर्व्हरवरच, एक्स्चेंजवर, बाहेरच्यांना असंच पाठवायचं ठरवलेलं असू शकतं आणि ते आयटीवालाच बदलू शकतो, पाठवणाऱ्याने कितीही क्लिक केलं तरी उपयोग नाही.

नाव काय आणि आत काय

आता दुसरा प्रकार. फाइल सुटी आलीय पण नावाला शेपूटच नाही, किंवा नाव "नोनेम" आहे, किंवा एटीटी आणि पुढे चार शून्य एक असलं काहीतरी.

नावाच्या शेवटी टिंबानंतर येतं ते एक्स्टेंशन, पीडीएफ, जेपीजी, डॉकएक्स वगैरे. विंडोज मुख्यतः यावर विश्वास ठेवतं: शेवटी पीडीएफ लिहिलंय ना, मग पीडीएफवाल्या प्रोग्रॅमला दे. जुन्या मॅकला एक्स्टेंशनची गरजच नव्हती, फाइलचा प्रकार आणि ती बनवणारा प्रोग्रॅम हे दोन चार-चार अक्षरी कोडमध्ये वेगळं लिहून ठेवलेलं असायचं, म्हणून मॅकवाले खुशाल नुसतं "अहवाल" असं नाव देऊन पाठवायचे आणि विंडोजवाले डोकं खाजवत बसायचे. लिनक्स तर बऱ्याचदा फाइलच्या आत डोकावून ठरवतं. तिघांच्या तीन सवयी. त्यात मेलची चिठ्ठी लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला प्रकार कळला नाही तर तो "कसलेतरी बाइट आहेत" अशा अर्थाचा सरसकट शिक्का मारतो, ऑक्टेट स्ट्रीम म्हणतात त्याला, आणि मग पुढच्याला काहीच कळत नाही.

नाव मराठीत असेल तर अजून एक फाटा. चिठ्ठीवर पण जुने नियम, म्हणजे इंग्रजी अक्षरंच. देवनागरी नावं पाठवायच्या दोन पद्धती प्रचारात आहेत, एक स्टँडर्डमध्ये सांगितलेली आणि एक तशीच रूढ झालेली, आणि सगळे प्रोग्रॅम दोन्ही समजतात असं नाही. नाव समजलं नाही की प्रोग्रॅम आपल्या मनाने नाव ठेवतो आणि त्यात एक्स्टेंशन उडतं. फाइल आतून धडधाकट असते. म्हणून महत्त्वाच्या फाइलला इंग्रजी अक्षरांत छोटं नाव द्यावं हे माझं मत, मराठीवर कितीही प्रेम असलं तरी. आत लिहा की मराठीत मनसोक्त.

एक्स्टेंशन बदललं की फाइल बदलते ना?

नाही. हा गैरसमज फार पसरलाय. डॉकएक्स पुसून पीडीएफ लिहिलं तर वर्डची फाइल पीडीएफ होत नाही, फक्त चुकीच्या प्रोग्रॅमकडे जाते आणि तो म्हणतो फाइल करप्ट आहे. नाव बदलणं योग्य केव्हा, तर एक्स्टेंशन वाटेत हरवलं असेल तेव्हा, आणि आत काय आहे हे माहीत असेल तर.

ते कळायची युक्ती सोपी आहे. फाइल नोटपॅडसारख्या साध्या एडिटरमध्ये उघडा आणि फक्त पहिली काही अक्षरं बघा, बाकीच्या कचऱ्याकडे लक्ष देऊ नका आणि सेव्ह तर अजिबात करू नका. टक्क्याचं चिन्ह आणि पुढे पीडीएफ ही तीन इंग्रजी अक्षरं असतील तर ती पीडीएफ. पी आणि के ही दोन मोठी अक्षरं असतील तर ती झिपच्या घराण्यातली, हे पी के म्हणजे झिप फॉरमॅट बनवणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं, त्याचं नाव असं जगभरातल्या फाइलींच्या डोक्यावर बसलंय. आणि या घराण्यात नुसती झिप नाही तर नवीन वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट, ओपन डॉक्युमेंट, ई-बुकवालं ईपब हे सगळे येतात, ते सगळे आतून झिपच असतात. त्यामुळे कधीकधी फोनवर वर्डची फाइल डाउनलोड केली की ती झिप म्हणून सेव्ह होते आणि उघडल्यावर आत एक्सएमएल नावाच्या भरमसाट फाइली दिसतात. तिचं एक्स्टेंशन डॉकएक्स केलं की झाली वर्डची फाइल परत.

फाइल नीट पोचली, पण उघडणारा प्रोग्रॅमच नाही

इथे मेलचा काही दोष नाही. आयफोनचे फोटो घ्या. २०१७ मध्ये आयओएस ११ आलं तेव्हापासून आयफोन फोटो एचईआयसी प्रकारात साठवायला लागला, जागा कमी लागते म्हणून. या प्रकाराच्या आत जे तंत्र आहे त्यावर पेटंट आहेत, म्हणून सगळ्या सिस्टिमनी ते फुकटात आणि लगेच घेतलं नाही, आणि विंडोजवर अजूनही बऱ्याचदा त्यासाठीचे छोटे जोड-प्रोग्रॅम वेगळे टाकावे लागतात. पाठवणाऱ्याने सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, मोस्ट कम्पॅटिबल असं केलं की पुढचे फोटो जेपीजीमध्ये निघतात. जुने मात्र तसेच राहतात, ते बदलून पाठवावे लागतात.

मॅकवरच्या पेजेस, नंबर्स, कीनोट यांच्या फाइली विंडोजवर सहसा थेट उघडत नाहीत. अॅपलचं अकाउंट असेल तर आयक्लाउडच्या साइटवर ब्राउझरमध्ये उघडतात. पण ज्याला अकाउंट नाही त्याने केवळ तुमचा बायोडेटा वाचायला अकाउंट काढावं अशी अपेक्षा करणं जरा जास्तच होतं. पाठवणाऱ्याने एक्सपोर्ट करून वर्ड किंवा पीडीएफ पाठवावी.

वर्डचं स्वतःचंही हे एकदा झालंय. ऑफिस २००७ ने जुनं डॉक सोडून डॉकएक्स आणलं आणि पुढची काही वर्षं जुनं ऑफिस असलेले सगळे "एक्स काढून पाठवा" म्हणत होते. आता तो प्रश्न जवळजवळ संपलाय, डॉकएक्स लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस प्रोग्रॅममध्येही उघडतं, पण मांडणी थोडी हलू शकते, टेबलं सरकतात, पानं वाढतात.

साध्या टेक्स्ट फाइलचंही बघा, यात तर काही बिघडायला नको! पण ओळ कुठे संपली हे दाखवायला विंडोज दोन अदृश्य खुणा वापरतं आणि लिनक्स-मॅक एक. त्यामुळे तिकडची फाइल नोटपॅडमध्ये उघडली की सगळा मजकूर एकाच लांब ओळीत यायचा. मायक्रोसॉफ्टने हे २०१८ मध्ये दुरुस्त केलं.

आणि मराठी मजकुराचा आपला खास त्रास: फाइल उघडते पण आत अगम्य इंग्रजी अक्षरं दिसतात. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या फाइलींत कॉम्प्युटरच्या दृष्टीने इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फाँट फक्त त्यांना मराठीचे आकार देतो. तो फाँट तुमच्याकडे नसला की मुखवटा गेला. युनिकोडमध्ये मराठीला स्वतःचे वेगळे क्रमांक आहेत म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही. पाठवणाऱ्याला पीडीएफ करून पाठवायला सांगा, नाहीतर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर वापरा, पण मग जोडाक्षरं एकदा डोळ्याखालून घाला.

मग सगळं पीडीएफच का पाठवू नये?

वाचायला पाठवायचं असेल तर पीडीएफच पाठवा, यात काही वाद नाही. फाँट सोबत बांधता येतात, पानं हलत नाहीत, फोन असो की कॉम्प्युटर सगळीकडे उघडते. पण ज्यात समोरच्याने बदल करायचेत, आकडे भरायचेत, ती पीडीएफ करून पाठवणं म्हणजे त्याला परत टाइप करायला लावणं.

आणि पीडीएफही कधी दगा देते. काही फॉर्म उघडले की पानावर नुसतं "प्लीज वेट" असं येतं आणि कितीही थांबलं तरी पुढे काही होत नाही. नेट स्लो नाहीये. हे एक्सएफए नावाच्या वेगळ्या पद्धतीने बनवलेले फॉर्म असतात, बाहेरून पीडीएफ पण आत खरा फॉर्म वेगळाच, आणि अनेक ब्राउझर आणि फोनवरच्या अॅपना तो दिसत नाही, त्यांना ते वाट बघा सांगणारं पान तेवढं दिसतं. फाइल आधी सेव्ह करून कॉम्प्युटरवरच्या अॅडोबीच्या रीडरमध्ये उघडायची. असले फॉर्म अजून वापरात ठेवणाऱ्यांना काय म्हणावं ते जाऊ दे.

मॅकवरून आलेली झिप

विंडोजवर उघडली की आत अंडरस्कोअर अंडरस्कोअर मॅकओएसएक्स नावाचं जास्तीचं फोल्डर असतं आणि त्यात प्रत्येक फाइलची टिंबाने सुरू होणाऱ्या नावाची छोटी जुळी भावंडं. लोक नेमकी तीच उघडायला जातात आणि फाइल करप्ट आहे म्हणून कळवतात. ती मॅकची स्वतःची जास्तीची माहिती आहे, तो जुना "दुसरा भाग" आठवतोय ना, त्याचेच हे वंशज. खऱ्या फाइली शेजारच्या फोल्डरमध्ये आहेत, हे फोल्डर सरळ डिलीट करा.

अजून एक, मॅकवर फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह, तारा, उभी रेघ, दुहेरी अवतरण चालतं, विंडोजवर यातलं काहीही चालत नाही. "फायनल आहे का?" असं प्रश्नचिन्हासकट नाव दिलेली फाइल विंडोजवर झिपमधून बाहेर काढताना अडू शकते.

कधी मुद्दामच अडवलेलं असतं

वरचं सगळं तपासलं आणि तरी फाइल गायब, किंवा तिच्या जागी "काढून टाकली" असा मजकूर, तर ती सुरक्षेसाठी अडवलीय. कारण जुनं आहे. २००० च्या मे महिन्यात आयलव्हयू नावाचा व्हायरस जगभर पसरला तो अटॅचमेंटमधूनच. नावात टीएक्सटी होतं पण खरं शेवटचं एक्स्टेंशन व्हीबीएस, म्हणजे चालणारा प्रोग्रॅम, आणि विंडोज ओळखीची एक्स्टेंशन लपवतं त्यामुळे लोकांना ती साधी टेक्स्ट फाइल वाटली. ते लपवणं आजही मूळ सेटिंगमध्ये तसंच आहे, मला विचाराल तर नवीन कॉम्प्युटर घेतल्यावर पहिलं ते बंद करावं. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत फाइल नेम एक्स्टेंशन्स असा पर्याय असतो.

म्हणून आता ईएक्सई, बॅट, व्हीबीएस असल्या थेट चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या फाइली मेल सेवा घेतच नाहीत, जीमेलने २०१७ पासून जेएस म्हणजे जावास्क्रिप्टच्या फाइलीही बंद केल्या. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींतले मॅक्रो, म्हणजे फाइलच्या आत लपलेले छोटे प्रोग्रॅम, मूळ सेटिंगमध्येच बंद ठेवायला सुरुवात केली. त्यामुळे तुमच्या अकाउंटंटने पाठवलेली एक्सेल उघडते पण बटणं चालत नाहीत, असं होतं.

"झिप करून पाठवलं तर जाईल की!" बहुतेक नाही, कारण झिपच्या आतही बघितलं जातं. पासवर्ड लावला तर आत बघता येत नाही, म्हणून काही सर्व्हर अशी झिप अडवतात आणि काही सोडतात. पण तुम्हाला न मागता पासवर्डवाली झिप आली आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलाय, तर ती न उघडणंच बरं. व्हायरस पाठवणाऱ्यांची ही आवडती पद्धत आहे, नेमकी स्कॅनर चुकवायची.

आणि कृपा करून, एखादी फाइल उघडत नाही म्हणून "सगळ्या फाइली उघडणारा" असा कुठलातरी प्रोग्रॅम शोधून टाकू नका. अशा शोधात जेवढं नको ते कॉम्प्युटरमध्ये येतं तेवढं अटॅचमेंटमधूनही येत नसेल.

एक दिलासा: एसमाइम डॉट पी सेव्हन एस असं नाव दिसलं तर घाबरू नका आणि उघडायचाही प्रयत्न नको, ती पाठवणाऱ्याची डिजिटल सही आहे, ती तुमच्या मेल प्रोग्रॅमसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. शेवटी एस ऐवजी एम असेल तर मात्र अख्खा मेल त्यात बंद असू शकतो, कदाचित कुलूपबंद, तेव्हा पाठवणाऱ्याला कळवा.

मग पाठवणाऱ्याला सांगायचं काय?

नुसतं "उघडत नाही" नको. फाइलचं नाव एक्स्टेंशनसकट जसं दिसतंय तसं, साइझ, तुम्ही फोनवर बघताय की कॉम्प्युटरवर आणि कुठल्या प्रोग्रॅममध्ये, आणि उघडताना जो मेसेज येतो त्याचा स्क्रीनशॉट. त्याची मूळ फाइल किती मोठी आहे तेही विचारा. त्याच्याकडे ८ एमबी आणि तुमच्याकडे शून्य किंवा ४ केबी असेल तर फाइल पोचलीच नाहीये, तुम्ही उगाच प्रोग्रॅम शोधताय. तुमच्याकडचा आकडा थोडासा वेगळा असेल तर चालतं, प्रत्येक सिस्टिमची मोजायची पद्धत वेगळी, काही १००० बाइटचा केबी धरतात काही १०२४ चा.

त्याआधी एक गोष्ट स्वतः करून बघा, तोच मेल ब्राउझरमधून, म्हणजे मेल सेवेच्या वेबसाइटवर जाऊन उघडा. तिथे अटॅचमेंट उघडलं तर दोष तुमच्या मेल प्रोग्रॅमचा, पाठवणाऱ्याला त्रास द्यायची गरज नाही.

लिंकच पाठवली तर ही सगळी कटकटच नको ना?

खोलाखोलीची कटकट जाते, हे खरं. गूगल ड्राइव्हसारख्या ऑनलाइन जागेत टाकलेली फाइल मेलच्या अरुंद जिन्यातून जातच नाही, फक्त तिचा पत्ता जातो, त्यामुळे साइझची मर्यादा आणि विनमेल दोन्हीतून सुटका. एचईआयसी किंवा पेजेसचा प्रश्न मात्र जसाच्या तसा राहतो, आणि परवानगी द्यायची राहिली की समोरच्याला "अॅक्सेस मागा" असं पान दिसतं. पाठवायच्या आधी ती लिंक ब्राउझरच्या इनकॉग्निटो विंडोत उघडून बघा. तिथे तुम्हाला लॉगिन मागितलं, तर समोरच्यालाही मागणार.